माही माती तू करजो

आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या कामाले कोणी अंत्यविधी म्हणत नाई. अंत्यविधी पेपरात असते. आमच्याकडे माती असते. "कुठी चालली वं?" "मातीले." संपलं. मग तथं त्या माणसाले जाळोत का पुरोत, माती ते मातीच. मी एसटीत कंडक्टर आहे. हिंगणघाट-वर्धा लाइनवर रोज कोणी ना कोणी डोळे पुसत चढते आणि म्हणते, अमक्या गावचं तिकीट द्या, मातीले जायचं आहे. मी आजवर एकाले विचारलं नाई की बुवा जाळणार आहे का पुरणार. असं विचारते का कोणी?

म्हणून माय दवाखान्यात मले म्हणली, "पौर्णिमा, माही माती तू करजो," तवा मी बी नाई विचारलं. विचारायची गरजच नव्हती, ते पुढे सांगते.

घोळ माह्याच तोंडानं झाला. सकाऊन माय गेली आणि मी रडता रडता दोन फोन केले. पहिला अश्वजितले, माह्या लहान भावाले. दुसरा सुलोचनाबाईले. सुलोचनाबाई म्हणजे तेल्याच्या घरची विधवा, जाम गावातल्या ख्रिस्ती प्रार्थनेच्या शेडमधली मायची मैत्रीण. दर रविवारी मायले ऑटोत बसवून नेणारी हीच. मले ती बाई डोळ्यापुढे नको वाटे, पण कळवणं भाग होतं. दोघाईले मी एकच वाक्य सांगितलं: माय गेली, आणि म्हणली माही माती तू करजो. अश्वजितनं ऐकलं की माय म्हणली माही माती रीतीनं करा, म्हणजे आपल्या बौद्ध समाजाच्या रीतीनं, अग्नी द्या. सुलोचनाबाईनं ऐकलं की माय म्हणली मले माती द्या, म्हणजे पुरा. तिनं ते शेडच्या पास्टरले सांगितलं आणि पास्टरनं लगेच त्याच्या ग्रुपवर टाकलं, फुलं आणि कबुतराच्या चित्रासकट.

वर्ध्याहून शववाहिनी घेऊन मी गावात पोचली तर आंगणात दोन पार्ट्या उभ्या. जामपासून आत आमचं लहानसं गाव, आंगण ते केवढं. एका अंगाले अश्वजित, समाजाचे अध्यक्ष बापूराव आणि समाजाचे पोट्टे. खुर्चीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, पुढे मेणबत्त्या. लाकडाचा ट्रॅक्टर तर स्मशानात जाऊन खाली बी झाला होता. दुसऱ्या अंगाले पास्टर योगेंद्रची पांढरी गाडी, शेडमधल्या पांढऱ्या साड्यांच्या बाया, एक लाकडी क्रॉस, आणि तिवईवर चढवलेला मोबाइल. मायले अजून खाली उतरवली नव्हती आणि ते मोबाइलमध्ये पाहून राह्यले होते की उजेड कुठून येते.

मले दोन्ही पार्ट्याईचा संताप आला. खोटं कायले बोलू, मायचा बी आला.

मायचं सांगते. बाबा गेल्यावर ती घरात एकटीच. अश्वजित राजकारणात, त्याची बायको बचतगटात, मी हिंगणघाटले सासरी. चार वर्षं झाली, सुलोचनाबाई तिले एका रविवारी जामले घेऊन गेली. टायरवाल्याच्या मागं टिनाचं शेड, आत लाल सतरंजी, ड्रम, की-बोर्ड आणि माइक. त्या माइकनं माह्या मायले नेलं, देवानं नाई, असं मी तवा म्हणत होती. आयुष्यभर जिले घरात कोणी "तुले काय वाटते" म्हणून विचारलं नाई, तिले तथं म्हणत, "अनुसयाताई, आता तुम्ही साक्ष द्या." साक्ष म्हणजे आपल्यावर काय बितलं आणि देवानं काय केलं ते सगळ्याईपुढे सांगायचं. मग माय उभी राहून बोले. बोले म्हणजे किती बोले.

एक दिवस डेपोत आमच्या ड्रायव्हरनं मले मोबाइल दाखवला. "मॅडम, ही तुमची आई ना?" पाह्यते तर यूट्यूबवर माही माय, हातात माइक. म्हणून राह्यली, "माही पोरगी कंडक्टर आहे, लय तापट आहे, तिचा राग प्रभूनं काढून घ्यावा, सगळ्याईनं प्रार्थना करा." आणि सगळं शेड हात वर करून माह्या रागासाठी प्रार्थना करून राह्यलं. खाली लोकाईनं हात जोडल्याचे चित्र टाकले होते. पुढचे कितीक दिवस डेपोत मी आवाज चढवला की कोणी तरी म्हणे, "आमेन." तुम्ही सांगा, असा राग जाते का वाढते?

तरी ते मी पचवलं. पचलं नाई ते प्रेरणाचं लग्न. प्रेरणा माही एकुलती एक पोरगी. मंगल परिणयाचा मांडव, वंदना सुरू झाली, सगळे हात जोडून उभे, आणि माही माय एकटी खुर्चीवर बसलेली. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "उठ ना वं."

"मी मूर्तीपुढे हात नाई जोडत आता."

"मूर्तीपुढे नको जोडू, नातीपुढे जोड."

तर ती उठली आणि मांडवाबाहेर जाऊन बसली. जेवली बी नाई. प्रेरणाच्या सासूनं मले विचारलं, "आजीले बरं नाई का?" मी काय सांगू? माह्या पोरीच्या डोळ्यातलं काजळ त्या दिवशी आजीमुळं वाहलं, मी ते विसरली नाई. त्यानंतर मी मायसोबत बोलणंच बंद केलं.

बोलणं सुरू झालं ते दवाखान्यातच. किडन्या गेल्या होत्या. अश्वजितच्या बैठका चालू, कारण पंचायत समितीच्या निवडणुकीत तो राखीव जागेवर उभा राहणार. मग रजा टाकून मीच बसली तिच्या उशाशी. एक दिवस ती म्हणे, "मेल्यावर माणूस मातीत झोपते पौर्णिमा, आणि एक दिवस प्रभू हाक मारते तवा उठते."

मी म्हटलं, "तू काय सरकी आहेस का उगवाले?"

ती हसली. "तसंच समज. सरकी जाळली तर उगवन का?"

आणि मग थोड्या वेळानं ते वाक्य. माही माती तू करजो.

तर मले माहीत होतं. तिले पुरायचंच होतं, यात काही कोडं नव्हतं. पण आंगणात उभं राहून मी ते बोलली नाई. बोलली असती तर पास्टर जिंकला असता. माह्या मायचं मढं घेऊन तो मोबाइलपुढे हात वर करून नाचला असता, आणि ते मले होऊ द्यायचं नव्हतं. मी दात आवळून मायले खाली उतरवली, सतरंजीवर ठेवली, तोंड पुसलं.

तिकडे दोघाईचं जुंपलं होतंच.

"अनुसयाताईची शेवटची इच्छा आहे," पास्टर म्हणे. नागपूरचा माणूस, तिशी-पस्तिशीचा, घट्ट पँट, केसाले जेल. "त्या स्पष्ट म्हणल्या, मले माती द्या. हे आमच्या बहिणीचं वचन आहे. हे कोणी तोडू नये."

"माती म्हणजे काय ते आम्हाले शिकवाल का?" अश्वजित म्हणे. "अख्ख्या विदर्भात मातीले जाणं म्हणजे काय असते? उद्या कोणी म्हणन बापूरावच्या मातीले चला, तर काय बापूरावले पुरलं समजायचं?"

"मले कायले मारतं बे?" बापूराव म्हणाले.

"बरं, पुराल कुठी?" अश्वजितनं विचारलं. "जागा आहे का तुमच्याजवळ?"

पास्टरजवळ जागा नव्हती. टिनाचं शेड बी भाड्याचं. त्यानं जिल्ह्याच्या ठिकाणी एका जुन्या चर्चमध्ये फोन लावला. त्याईचं कब्रस्तान आहे, इंग्रजाच्या काळापासूनचं. फोन स्पीकरवर होता, सगळ्या आंगणानं ऐकलं. तिकडचा माणूस शांतपणे म्हणे, "भाऊ, ह्या बाई आमच्या मंडळीच्या सभासद नाईत. बाप्तिस्मा कुठी झाला? टाकीत? कोणाच्या हातून? तुमच्या? तुम्हाले कोणी नेमलं?" पास्टर म्हणे, "आपण सारे एकाच प्रभूचे." तिकडून म्हणे, "प्रभूचे असाल, कब्रस्तान मंडळीचं आहे." आणि फोन ठेवला.

समाजाचे पोट्टे फसकन हसले. मले बी हसू आलं असतं, माय समोर नसती तर. ज्या धर्मासाठी तिनं नातीचा मांडव सोडला, त्या धर्मात तिच्यापुरती सहा फूट जागा नव्हती. जातपात सोडून गेली म्हणे माही माय, आणि तथं बी टाकी कोणाची अन् पाणी कोणाचं.

पास्टरनं मग दुसरा डाव काढला. मोबाइल चालू केला आणि लाइव्ह बोलायला लागला, "प्रिय जनहो, आज एका विश्वासी बहिणीच्या अंतिम इच्छेवर संकट आलेलं आहे." अश्वजितचं डोस्कं फिरलं. तो तिवईसमोर जाऊन उभा राहिला.

"बंद कर. माहं तोंड दाखवू नको त्याच्यात."

त्याचं दुखणं मले ठाऊक होतं. राखीव जागा, जातीचा दाखला. ख्रिश्चन झालेल्याले तो दाखला चालत नाई. माय ख्रिश्चन मेली, क्रॉस लावून पुरली, त्याचा व्हिडिओ निघाला, की समोरचा उमेदवार तोच व्हिडिओ घेऊन जाणार कचेरीत: पाहा, हे घर बाटलं. मायच्या धर्मानं पोराची जात जात नाई, हे मी बी जाणते. पण निवडणुकीत कोण कायदा वाचत बसते? मायच्या मढ्यापेक्षा त्याले ते तिकीट जड झालं होतं, आणि हे दुःख मले मायच्या मरणाइतकंच लागलं.

बापूराव पुढे आले. त्याईचा आवाज मोठा नव्हता. "पास्टर, ऐका. एक तक्रार गेली ना ठाण्यात, की ह्या माणसानं बुढीले बिमारी बरी करतो म्हणून फूस लावून बाटवलं, तर तुमचं शेड, तुमचा ड्रम, तुमची गाडी, सगळं चौकशीत जाईल. सध्या हवा कशी आहे तुम्हाले माहीत आहे. तक्रार मी लिहिन."

पास्टरनं मोबाइल बंद केला. मग मले खुणेनं गाडीमागं बोलावलं.

"सिस्टर," म्हणे, "माहौल बरोबर नाई. आत्मा तर प्रभूजवळ पोचला. शरीराचं काय हो, देव राखेतून बी उठवू शकते. तुम्ही शांतीनं अग्नी देऊन टाका."

"मग इतका वेळ काऊन भांडत होते?"

"मी अनुसयाताईसाठीच." तो घुटमळला. "फक्त एक करा. दोन मिनिटांचा व्हिडिओ. तुम्ही बोला की आई विश्वासात गेली, शेवटी तिच्या चेहऱ्यावर शांती होती. पोरगी बोलली तर लोकाईले आशीष मिळते. तुमच्याबद्दल सगळ्या मंडळीले माहीत आहे, तुमच्यासाठी किती प्रार्थना झाली. तुम्ही बोलल्या तर ते उत्तर होईल."

समजलं का तुम्हाले? माह्या मायले सोडून तो चालला होता, पण माहा राग त्याले घेऊन जायचा होता, जिंकलेल्या बकऱ्यासारखा.

मी तिवई उचलली, तिचे पाय मिटवले आणि त्याच्या गाडीत टाकली. "हे पाहा," मी म्हटलं, "बिनतिकीट माणसाले मी एकदाच सांगते, दुसऱ्यांदा घंटी वाजवते. गाडीत बसा." तो बसला. पांढऱ्या साड्यांच्या बाया बी खाली मान घालून मागच्या ऑटोत बसल्या. क्रॉस गाडीच्या टपावर बांधला. उरली एकटी सुलोचनाबाई, गोठ्याच्या खांबाले टेकून, रडून डोळे सुजलेली. तिले कोणी थांब म्हटलं नव्हतं आणि जा बी म्हटलं नव्हतं.

आंगणात एकदम मोकळं वाटलं सगळ्याईले. बापूराव म्हणे, "चला, मिटलं." अश्वजितनं माह्या खांद्यावर हात ठेवला, म्हणे, "बाई, बरं हाकललं त्याले." मोठ्या बहिणीले आमच्याकडे बाई म्हणतात. कितीक दिवसानं त्यानं असा हात ठेवला असन. मग त्यानं पोट्ट्याईले हाक दिली, "उचला."

"थांबा," मी म्हटलं. "मायले जाळायचं नाई. पुरायचं आहे."

अश्वजितले वाटलं मी भान सुटून बोलून राह्यली. "काऊन असं करतं बाई? गेला ना तो."

"तो गेला म्हणूनच सांगून राह्यली. तो असता तर सांगितलं नसतं."

मी दवाखान्यातलं सगळं सांगितलं. सरकीचं बी सांगितलं. मग बापूराव बोलले, आणि ह्या खेपेस त्याईच्या आवाजात धमकी नव्हती. "पौर्णिमा, माहा बाप छप्पन साली पायी गेलता नागपूरले दीक्षेले. पायाले फोड आले होते. आम्हाले माणूस म्हणून उभं केलं त्या दिवसानं. तुह्या मायनं ते सोडलं एका टिनाच्या शेडसाठी. मले किती लागलं असन? आणि आता तू, तिची पोरगी, तेच पुढे चालवतं?"

मले त्याईचा राग नाई आला. त्याईचं दुःख खरं होतं. पण मी म्हटलं, "बापूरावजी, तुमच्या बाबाले बी गावातल्या लोकाईनं म्हटलंच असन, बापदादाचं सोडून कुठी चालला. तरी गेले ना?"

"त्या दीक्षेची आणि ह्या शेडची बरोबरी करतं?"

"नाई करत. मले ते शेड पटलं नाई, आजही पटत नाई. त्याईचा देव हाक मारते म्हणे, मले काही ऐकू नाई आलं. मी बुद्धाचीच आहे. पण हे मढं माहं नाई, मायचं आहे. तुम्ही सारे सकाऊनपासून माती म्हणजे काय, माती म्हणजे काय करून राह्यले. ती 'तू करजो' बी म्हणली होती. ते एकाले ऐकू आलं नाई. तुले नाई म्हणली अश्वजित, त्या गाडीवाल्याले नाई म्हणली. मले म्हणली. जिनं तिच्यासोबत वर्षभर तोंड उघडलं नाई, तिले म्हणली."

हे बोलताना माहा आवाज फाटला. मले ते आवडलं नाई, पण फाटला.

"समाज स्मशानात जागा देणार नाई," बापूराव म्हणाले.

"नका देऊ. वावरात पुरीन. गोसाव्याचे लोक आपल्या वावरात समाधी देतात, तुम्ही कोणी त्याईले परवानगी मागितली का?"

"कोणाच्या वावरात?" अश्वजित ताडकन म्हणाला. "माह्या वावरात नाई पुरू देणार. निवडणुकीच्या तोंडावर माह्या वावरात कबर नाई पायजे मले."

बाबा गेल्यावर वावर मायच्या नावानं झालं होतं. कायद्यानं आता अर्धं त्याचं, अर्धं माहं. पण आमच्याकडे पोरी हक्कसोड करून देतात. वाटा सोडायचा आणि माहेर राखायचं, असा बिनलिहिलेला सौदा असते तो. मी बी म्हणली होती करून देतो म्हणून. त्या भरवशावर अश्वजितनं वावरात विहीर खणायचं बी ठरवलं होतं.

"अर्धं माहं आहे," मी म्हटलं.

"तू सोडतो म्हणली होती."

"म्हणली होती. आता नाई सोडत."

तो माह्याकडे पाहत राहिला. लहानपणी याले मी कडेवर घेऊन शाळेत जात होती, माह्या वर्गात बाकाखाली झोपत होता तो. मले वाटलं, आता तोंडातून काढू नको रे, नको काढू. त्यानं काढलं.

"मग आजपासून हे दार तुले बंद. तुले माहेर नाई. मी मेलो तरी मातीले येऊ नको."

परत हो म्हणावं, जाळून टाकावं आणि भावाजवळ बसून रडावं, असं मनापासून वाटलं. मायनं कोणावर टाकलं हे ओझं, असा तिचा लय राग आला. पण ती सतरंजीवर पडली होती आणि तिच्या बाजूनं बोलणारं त्या आंगणात दुसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "बरं."

बापूरावनं फोटो उचलले आणि ते निघून गेले. पोट्टे बी पांगले. अश्वजित घरात गेला आणि आतून कडी लावली.

माहा नवरा रूपराव तोवर हिंगणघाटहून आला होता. सासऱ्याच्या घरच्या भांडणात तो माणूस कधी पडत नाई. पण आंगणातलं पाहून त्यानं बाह्या वर केल्या. गावातले दोन मजूर तयार झाले. तीन खांदे झाले. चौथा माहा. सुलोचनाबाई मागून पाण्याची कळशी घेऊन चालली. रस्त्यानं लोक दारात उभे राहून पाहत होते, कोणी सोबत आलं नाई. एका म्हातारीनं मात्र आतून विचारलं, "कोणाची माती वं?" कोणी तरी तिले म्हणलं, "अनुसयाची."

वावरात पऱ्हाटी उभी होती, शेवटच्या वेचणीची, कापसाची बोंडं फुटलेली. मधल्या धुऱ्याच्या अलीकडचं अर्धं मी माहं धरलं, त्यातली थोडी झाडं उपटली आणि खणायला घेतलं. काळी जमीन उन्हानं भेगाळलेली, वरून दगडासारखी. रूपराव आणि मजुरांनी खणलं, ते थकले तवा मी उतरली. खाली खाली ओल लागली. हाताले फोड आले तरी मी सोडलं नाई, कारण सोडलं असतं तर रडत बसली असती.

मायले खाली ठेवली. सुलोचनाबाईनं पिशवीतून एक लहानसा क्रॉस काढला. मी म्हटलं, "तो नको. ती माती म्हणली, क्रॉस नाई म्हणली." तिनं परत ठेवला. मग तिनं डोळे मिटून प्रार्थना केली, हळू, माइकशिवाय. पहिल्यांदाच मले कळलं की ते लोक असं हळू बी बोलू शकतात. मधात माहं नाव आलं.

"माह्या रागाचं काही मागू नको तथं," मी म्हटलं.

"नाई मागत," ती डोळे न उघडता म्हणाली. "तुह्या हाताच्या फोडाचं मागून राह्यली."

मग मी त्रिशरण म्हटलं. मले तेच येते. सुलोचनाबाईनं तोंड वाकडं केलं नाई. मूठभर माती घेतली आणि मायच्या अंगावर टाकताना मी तिले म्हटलं, "झोप आता. मले नाई वाटत कोणी हाक मारन म्हणून. पण उठलीच, तर आधी प्रेरणाच्या घरी जाजो, मग तुह्या त्याच्याकडे." रूपरावनं तोंड फिरवलं.

माती लोटून झाली. मजूर गेले. आम्ही कळशीतल्या पाण्यानं हात धुत होतो तर रूपराव म्हणे, "पाहा."

मधल्या धुऱ्यावर, माह्या आणि त्याच्या अर्ध्याच्या सीमेवर, अश्वजित उभा होता. किती वेळचा उभा होता कोण जाणे. धुरा ओलांडून आला नाई. मी बी गेली नाई. मी ठरवलं होतं की याच्यासोबत आपण होऊन बोलायचं नाई.

"वरून काट्या टाक," तो तिकडून म्हणाला. आवाज तसाच, भांडणातला. "अशीच सोडून जाशीन तर रात्री डुकरं येतात. उकरतीन."

रानडुकराईचं मले सुचलंच नव्हतं. गावात राहणाऱ्यालेच ते सुचते. मी इकडे तिकडे पाहिलं. माह्या अर्ध्यात काटेरी झाड एक बी नव्हतं. बोरी, बाभळी, साऱ्या त्याच्या बाजूनं.

"माह्याजवळ काट्या नाईत," मी म्हटलं.

तो खाली वाकला, पायाशी ठेवलेला कोयता उचलला आणि बोरीची एक फांदी छाटून धुऱ्यावरून माह्या बाजूले फेकली. मग दुसरी फेकली. मी एकेक ओढत नेऊन मायवर रचत गेली. अंधारून येईपर्यंत तो तोडत होता आणि मी ओढत होती, आणि आम्ही दोघं बी एक शब्द बोललो नाई.